रेल्वे लाइन्समधील हार्मोनतज्ज्ञांचा दवाखाना : आठ महिन्यांचा अनुभव

माझ्या धाकट्या बहिणीच्या उपचारांसाठी गेले आठ महिने आम्ही सोलापुरात रेल्वे लाइन्स भागातील एका हार्मोनतज्ज्ञांकडे जात आहोत. थायरॉईडची गोळी चालू असूनही ज्यांची तब्येत खालावत चालली आहे, त्यांनी तेथे एकदा अवश्य दाखवावे.

बहिणीचा टीएसएच (थायरॉईडला काम करायला लावणारे हार्मोन; थायरॉईड कमी पडले की ते वाढते) ९.२, म्हणजे वाढलेला आल्यावर दुसऱ्या एका दवाखान्यात तिला थायरॉक्सिन ही थायरॉईडची गोळी सुरू करण्यात आली होती. गोळीने थकवा जाईल अशी आशा होती, झाले उलटेच. पंधरा दिवसांत तिने अंथरूण धरले, उठून उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली आणि उलट्या सुरू झाल्या. थायरॉईड कमी असले की वजन सहसा वाढते, हिचे मात्र सात किलो उतरले होते.

येथील डॉक्टरांनी फाइल उघडण्याआधी तिचा तळहात खिडकीच्या उजेडात धरला आणि शेजारी मला माझा हात ठेवायला सांगितले. माझ्या हातावरच्या रेषा फिकट होत्या, तिच्या काळसर. हिरड्यांवरही तसेच डाग होते. सोलापूरच्या उन्हाने ती रापली, अशीच आमची समजूत होती. जेवताना वरून मीठ घेता का, असे त्यांनी विचारले, तेव्हा भाकरी आणि शेंगाचटणीवरही ती मीठ घेते, कधी नुसतेच चाटते, हे आईला आठवले. रक्तदाब त्यांनी झोपवून आणि उभे करून, असा दोनदा मोजला. कॉर्टिसॉल या हार्मोनच्या तपासणीसाठी रक्त घेतले आणि अहवालाची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोनचे, म्हणजे कॉर्टिसॉल भरून काढणाऱ्या औषधाचे, १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन देऊन तिला लगेच भरती करायला लावले. रक्तातील सोडियम १२४, म्हणजे कमी निघाले, कॉर्टिसॉलही अवघे १.८. निदान ॲडिसनच्या आजाराचे झाले, म्हणजे तिच्या ॲड्रिनल ग्रंथी पुरेसे कॉर्टिसॉल बनवत नव्हत्या.

मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींतून येणारे कॉर्टिसॉल टीएसएचला काही अंशी लगाम घालते. ते कमी पडले की थायरॉईड निरोगी असली तरी टीएसएच चढलेला दिसू शकतो. अशा वेळी आधी थायरॉक्सिन दिले, तर शरीरात उरलेसुरले कॉर्टिसॉलही लवकर संपते आणि रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, म्हणून आधी कॉर्टिसॉल भरून काढायचे आणि मग थायरॉईडकडे पाहायचे, हा क्रम डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून आईला समजेल अशा शब्दांत सांगितला. दोन्ही ग्रंथी एकाच स्वप्रतिकारक विकाराने (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो) बिघडू शकतात, म्हणून थायरॉईडवर उलटणारी प्रतिपिंडेही (अँटीबॉडीज) रक्तात तपासली. ती निघाली नाहीत. तीन महिन्यांनी, थायरॉक्सिन न घेता, टीएसएच ३.४ वर, म्हणजे ठीक पातळीवर आला. सांधेदुखीच्या पुड्या घेता का, हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारतात, कारण अशा औषधांत स्टेरॉईड मिसळलेले असेल तर टीएसएच दबतो, आणि पुड्या एकाएकी बंद केल्यास ॲड्रिनल ग्रंथी वेळेवर साथ देत नाहीत.

गैरसोय आहेच. वेळ घेऊनही दोन तास बसावे लागते, आणि जिन्याने दुसऱ्या मजल्यावर चढताना अशक्त रुग्णाचे हाल होतात. लिफ्टची सोय तातडीने व्हायला हवी. जाताना जुने सर्व अहवाल आणि औषधांची रिकामी पाकिटेही बरोबर न्यावीत.

निघताना त्यांनी मराठीत लिहिलेले एक कार्ड दिले : ताप आल्यास कॉर्टिसॉल भरून काढणारी गोळी दुप्पट, उलटीत ती टिकली नाही तर त्याचेच इंजेक्शन घेऊन थेट रुग्णालय. ते कार्ड बहिणीच्या पर्समध्ये असते, आणि इंजेक्शन कसे द्यायचे हे तेथील नर्सताईंनी आमच्या भाऊजींकडून तीनदा करवून घेतले आहे.