एक्सएफसीईवरील स्क्रीन टेअरिंग: एका पर्यायाची खूण काढल्यानंतरचे काही महिने

डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आणि तिच्यासोबत येणारा एक्सएफसीई ४.१८ हा डेस्कटॉप मी एका जुन्या लॅपटॉपवर कित्येक महिने रोज वापरत आहे. त्याच्या वेगाविषयी आणि तो किती कमी मेमरीत चालतो याविषयी भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून ते पुन्हा सांगत नाही. खिडकीत स्वच्छ दिसणारा व्हिडिओ पूर्ण पडद्यावर नेला की फाटायचा, आणि या एका दोषापायी एवढा चांगला डेस्कटॉप सोडून द्यावा असे मला वाटू लागले होते.

कॅमेरा आडवा सरकत असलेल्या दृश्यात विजेचा एखादा खांब आला की पडद्याच्या वरच्या भागात एक आडवी रेघ उमटते; रेघेच्या वर आधीच्या फ्रेममधला खांब असतो, खाली पुढच्या फ्रेममधला, आणि दोन्ही तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसतात. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी वरून खाली नव्याने रेखला जातो आणि हे रेखाटन अर्ध्यावर असतानाच आतले चित्र बदलले की असे होते; यालाच स्क्रीन टेअरिंग, म्हणजे चित्र फाटणे, म्हणतात. स्क्रीनशॉट काढून हा दोष कोणाला दाखवता येत नाही, कारण स्क्रीनशॉटमध्ये मेमरीतले अखंड चित्र येते. पुरावा हवा असेल तर फोनच्या कॅमेऱ्यानेच पडद्याचे चित्रण करावे लागते.

यावर सर्वांत जास्त वेळा मिळणारा सल्ला म्हणजे वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्या किंवा यंत्रच बदला. तो मला मान्य नाही. प्रोसेसरमधले अंगभूत ग्राफिक्स व्हिडिओ दाखवायला पुरेसे समर्थ आहे. अडचण ताकदीची नसून वेळ जुळवण्याची आहे. पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या, १९८७ साली आलेल्या एक्स११ या प्रणालीत प्रत्येक चित्र पडद्याच्या लयीशी जुळवूनच दाखवले जाईल अशी हमी मुळातच नाही, त्यामुळे ते काम ड्रायव्हरने (ग्राफिक्स चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) किंवा कंपोझिटरने (सगळ्या खिडक्या एकत्र करून अंतिम चित्र बनवणाऱ्या प्रोग्रामने) करावे लागते. सॉफ्टवेअरमध्ये सुटणाऱ्या प्रश्नासाठी चालते यंत्र टाकून देणे ही उधळपट्टी आहे.

पहिले काही आठवडे मी एक्सऑर्गच्या (एक्स११ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) कॉन्फिगरेशन फाइलमध्ये इंटेल ड्रायव्हर निवडून 'टेअरफ्री' हा पर्याय चालू ठेवला होता. रेघ पूर्ण गेली, आणि तेव्हा कोणी विचारले असते तर हाच उपाय मी निःशंकपणे सांगितला असता. पुढे माझे मत बदलले. या ड्रायव्हरची शेवटची क्रमांकित आवृत्ती, २.९९.९१७, २०१४ सालची आहे, आणि टेअरफ्री जास्तीची मेमरी घेतो व चित्र पडद्यावर पोहोचायला किंचित उशीर लावतो, असे त्याच्या माहितीपानातच नोंदवलेले आहे. त्यामुळे ती फाइल काढून मी सर्वसाधारण मोडसेटिंग ड्रायव्हरवर परत आलो आणि वेळ जुळवण्याचे काम एक्सएफसीईच्या स्वतःच्या कंपोझिटरकडे सोपवले. त्यासाठी सेटिंग्ज एडिटरमध्ये एक्सएफडब्ल्यूएम४ (एक्सएफसीईचा विंडो मॅनेजर) या चॅनेलखाली 'व्हीब्लँक मोड'ची, म्हणजे पडद्याशी वेळ जुळवण्याच्या पद्धतीची, किंमत 'जीएलएक्स' केली आणि लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केले.

खिडक्या सरकवताना आणि लांबलचक पाने स्क्रोल करताना फाटणे तिथेच थांबले. पूर्ण पडद्यावरचा व्हिडिओ मात्र अजूनही फाटत होता. त्याचे उत्तर 'विंडो मॅनेजर ट्वीक्स'मधील कंपोझिटर या टॅबवर, पूर्ण पडदा व्यापणाऱ्या खिडक्या थेट दाखवण्याच्या पर्यायात आहे. तिथली खूण मुळातच लावलेली असते. ती असताना अशी खिडकी कंपोझिटरला वगळून थेट पडद्यावर जाते, म्हणजे ज्याच्याकडे वेळ जुळवण्याचे काम दिले तोच नेमका या वेळी बाजूला होतो. प्लेअरने स्वतः वेळ पाळली तर ठीक, नाहीतर चित्र फाटते. खेळांना यातून थोडा वेग मिळतो हे खरे, पण हा डेस्कटॉप जुन्या यंत्रावर घेणारे बहुतेक लोक खेळांपेक्षा चित्रपट आणि व्याख्याने पाहत असतील असे मला वाटते. खूण काढली त्या संध्याकाळी तेच खांबांचे दृश्य मी पुन्हा पुन्हा लावून पाहिले आणि प्रत्येक खांब वरपासून खालपर्यंत सलग गेला. तो आनंद अजून ओसरलेला नाही. त्यानंतर आजतागायत ती रेघ दिसलेली नाही.

एक सावधगिरी आवश्यक आहे: टेअरफ्री, पायकॉमसारखा वेगळा कंपोझिटर आणि एक्सएफसीईचा स्वतःचा कंपोझिटर हे सगळे एकावर एक चढवू नयेत. दोन कंपोझिटर एका वेळी चालत नाहीत, आणि ड्रायव्हर व कंपोझिटर दोघेही थांबून वेळ जुळवू लागले की उशीर वाढण्याचीच शक्यता असते.

एक्स११ ची जागा घेणाऱ्या वेलँड या नव्या प्रणालीचे सत्रही मी काही दिवस ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपवर वापरून पाहिले. तिथे अर्धवट तयार झालेली फ्रेम पडद्यावर जाऊ नये अशीच रचना आहे आणि कोणतेही सेटिंग न शोधता चित्र अखंड दिसते. ज्यांच्याकडे मेमरी भरपूर आहे त्यांनी सरळ तेच घ्यावे. एक्सएफसीईमध्ये मात्र डिसेंबर २०२४ च्या ४.२० आवृत्तीतही वेलँडचा आधार प्रायोगिकच आहे, म्हणून मी एक्स११ वरच राहिलो आहे. माझी मागणी एवढीच आहे की थेट दाखवण्याचा तो पर्याय मुळात बंद असावा, आणि ज्याला खेळांसाठी वेग हवा असेल त्याने तो चालू करावा.