आठ महिने ‘सोल स्टेशन’ ऐकल्यावर

पहिल्यांदा ऐकली तेव्हा ही रेकॉर्ड मला मवाळ वाटली होती. हार्ड बॉप ही जाझची शैली म्हणजे ट्रम्पेटची धार आणि ड्रम्सचा दणका, अशी माझी समजूत. इथे हँक मोबली एकटाच टेनर सॅक्सोफोन घेऊन उभा. सोबतीला पियानो, बेस, ड्रम्स, बस. पंधरा दिवस ती कपाटातच पडून होती.

मग एका रात्री जेवणं झाल्यावर ‘रिमेम्बर’ लावलं. चाल अर्व्हिंग बर्लिनची, जुनी. मोबली सूर ठेक्याच्या किंचित मागे ठेवतो, पण लय कुठेही सुटत नाही. समेची घाई नसलेला जाणता गवैया जसा निवांत येतो ना, तसं. हे कानाला उमगलं आणि रेकॉर्ड पुन्हा कपाटात गेलीच नाही.

ध्वनिमुद्रण 7 फेब्रुवारी 1960चं, न्यू जर्सीतल्या एंगलवुड क्लिफ्सला, रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत. सहाही रचना त्या एकाच दिवसातल्या. त्यांतल्या चार मोबलीच्या स्वतःच्या. पियानोवरचा विंटन केली आणि बेसवरचा पॉल चेंबर्स त्या काळात ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसकडे एकत्र वाजवत होते. ड्रमर आर्ट ब्लेकी आणि मोबली तर ‘जाझ मेसेंजर्स’ या बँडच्या सुरुवातीच्या दिवसांपासूनचे साथीदार. त्यामुळे कुणी कुणाला सांभाळून घेतंय असं वाटतच नाही. ‘धिस आय डिग ऑफ यू’मध्ये केलीचा पियानो खळाळत जातो, मग मोबली येतो, आणि ब्लेकीचा ड्रम सोलो संपेपर्यंत मी जागचा हलत नाही. ब्लेकी एरवी गडगडाट करणारा; इथे त्याची साथ किती समजूतदार आहे!

समीक्षक लेनर्ड फेदरने मोबलीला टेनरचा ‘मिडलवेट चॅम्पियन’ म्हटलं होतं, म्हणजे बॉक्सिंगमधल्या मधल्या वजनगटाचा विजेता. ते कौतुकच होतं, पण लोकांनी त्यातून दुय्यमपणा उचलला, आणि हे मला मनापासून खटकतं. टेनरवरचाच जॉन कोल्ट्रेन ऐकताना मी थक्क होतो, दमतोही. मोबलीकडे मात्र कामावरून थकून आल्यावरही जाता येतं. त्याचा आवाज गोल, उबदार आहे आणि वाक्यं पूर्ण करायची त्याला सवय आहे.

‘डिग दिस’ हा ब्लूज मला इतरांपेक्षा थोडा सपाट वाटतो, आजही. माझी पहिली प्रत वाकडी निघाली होती, बदलून घ्यावी लागली. आवरण फाडताच तबकडी सपाट पृष्ठभागावर ठेवून पाहा.

सध्या फक्त चेंबर्सचा बेस धरून ऐकतोय. पहिली बाजू झाली, दुसरी अजून व्हायची आहे.