हप्ता भरा, नाहीतर जहाज घेऊन पळा: ‘ट्रॅव्हलर’ची १९८१ची आवृत्ती

दिवसभर लोकांचे जमाखर्च लिहायचे आणि सुट्टीला खेळायला बसून परत जमाखर्चच, असं माझं चाललंय, ते या खेळापायी. मार्क मिलर यांचा ‘ट्रॅव्हलर’ हा टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायचा अंतराळातला खेळ, १९७७ साली गेम डिझायनर्स वर्कशॉपने काढला: तीन छोट्या काळ्या पुस्तिका आणि सहा बाजूंचे साधे फासे. पुढे बऱ्याच आवृत्त्या निघाल्या. मी रेफरी म्हणून, म्हणजे खेळाचं जग आणि नियम सांभाळणारी म्हणून, चालवते ती १९८१ची सुधारित, आणि हे सगळं तिच्याबद्दल.

पात्र तयार होता होताच मरू शकतं, याचा बोलबाला भरपूर झालाय, तो सोडून देते. माझा जीव अडकलाय दुसऱ्या पुस्तिकेत, जिथे जहाजं आणि व्यापार आहे. व्यापारी नोकरीतून बाहेर पडणाऱ्या पात्राला नशीब असेल तर फ्री ट्रेडर हे छोटं मालवाहू अंतराळजहाज मिळतं, बरोबर ४० वर्षांचं कर्जही. जहाजाची किंमत ३ कोटी ७० लाख ८० हजार क्रेडिट, हप्ता किमतीच्या २४०व्या भागाइतका, म्हणजे महिना १,५४,५००.

आता जमेची बाजू. मालाला जागा ८२ टन, भाडं टनाला १,०००. एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर जायच्या एका उडीला आठवडा, मग बंदरात आठवडाभर चढउतार. महिन्यात दोनच फेऱ्या होतात. पोट गच्च भरलं तरी १,६४,०००. हप्ता गेला की हातात ९,५०० उरतात. त्यातून पगार: पायलटचे ६,०००, इंजिनिअरचे ४,०००, शिवाय स्ट्यूअर्ड आणि डॉक्टर. शुद्ध इंधन टनाला ५००, आणि टाकीतलं वीस टन तर एका उडीलाच जातं. वरच्या वर्गाचे प्रवासी १०,००० देतात, ते मिळाले तर निभावतं. पण सरहद्दीवरच्या ओसाड ग्रहावर असले प्रवासी येणार कुठून?

इथेच हा खेळ मला आवडतो. खलनायक आणायची गरजच पडत नाही, बँक पुरते. कोणी वायुग्रहावरून फुकटचं अशुद्ध इंधन भरतो आणि उडी भलतीकडेच जाते. कोणी हप्ते बुडवून जहाजासकट पळतो. त्याच्यामागे जप्तीवाले लावायची सोयही नियमांत आहे.

बेकायदा मुलूख तिसऱ्या पुस्तिकेत आहे, तोही नुसत्या अक्षर-आकड्यांत. बंदर ‘ई’ दर्जाचं म्हणजे खुणा केलेला खडक, इंधन नाही. ‘एक्स’ म्हणजे तेही नाही. कायद्याची पातळी ० असेल तर काहीही बाळगा. ६ झाली की शॉटगन सोडून बाकी बहुतेक बंदुकांवर बंदी. आमच्या मंडळींनी पातळी ०च्या ग्रहावर बंदुका स्वस्तात उचलल्या आणि पुढचं बंदर निघालं पातळी ६चं.

“खोक्यांवर ‘शेतीची अवजारं’ लिहू.”

“आणि उघडून बघितलं तर?”

“तर बघतील. हप्ता सहा दिवसांवर आलाय.”

चोरट्या मालाचं पुढे काय करायचं, हे पुस्तिका नीट सांगत नाही. रेफरीने आपलं डोकं चालवावं. मला त्याचा त्रास नाही, नवख्याला होईल.

खरी खोट सट्ट्याच्या तक्त्यात आहे, म्हणजे स्वतःच्या पैशाने घेतलेला माल विकताना काय भाव मिळेल ते ठरवणाऱ्या तक्त्यात. दोन फाशांवर ७ पडले तर मूळ भाव, २ला ४० टक्के, १२ला १७०. दलाल लावून फाशात ४ पर्यंत वाढवता येतात, दर अंकामागे ५ टक्के दलाली. म्हणजे साधे ७ पडले तरी ११ होतात, भाव १५० टक्के. त्यातून पाचवा हिस्सा दलालाला देऊनही मूळ भावावर २० टक्के सुटतात. एकदा गल्ल्यात भांडवल साठलं की कप्तान शेठ होतो, हप्त्याची भीती जाते, आणि मग पोरं साहसाच्या नावाने जांभया देतात. त्यात भाडंही सपाट: दोन पार्सेक (ताऱ्यांमधलं अंतर मोजायचं माप) लांब न्या नाहीतर एक, टनाला तेच १,०००. लिहिणाऱ्याने ट्रकवाल्याला तरी विचारायचं!

माझ्या टेबलावर एक घरचा नियम आहे. एकाच बंदरात तोच माल पुन्हा विकायला आणला की फाशातून दर खेपेला २ वजा, आणि तिसऱ्या खेपेला दलाल फोनच उचलत नाही. दोघांनी तक्रार केली, त्यातला एक दलालच खेळत होता.