लातुरात जुना गिझर बदलून घेतला, काम एक नंबर पण बिल जरा जास्तच

औसा रोडवरच्या दुकानातून २५ लिटरचा गिझर घेतला, जुना काढायला त्यांचाच माणूस आला, लै शांत गडी. आधी एमसीबी (बोर्डातला लाईनचा स्विच) बंद केला, टेस्टर लावून बघितला, पाणी बंद करून टाकी रिकामी केली, तवर एका नटाला हात लावला नाही. आपल्याकडं बोअरचं पाणी, आतून नुसता क्षारच निघाला. जुनाच सेफ्टी व्हॉल्व्ह बसवा म्हणलं तर सरळ नाही म्हणला, तो जाम झाला अन् थर्मोस्टॅट (पाणी तापलं की हीटर बंद करणारा भाग) बी बिघडला तर प्रेशर जायला वाट राहत नाही, टाकी फुटू शकते. पटलं बुवा. अर्थिंग पण न सांगता चेक केली. पाईपचे पैसे मात्र वेगळे लावले, हे आधी सांगायला पाहिजे होतं राव.