रेमोच्या जुन्या कॅसेटी डिजिटल करून घेतल्या, म्हापशातल्या काकांचा अनुभव

ज्यांच्या घरी माळ्यावर कॅसेटी पडून आहेत त्यांच्यासाठी लिहितोय, आणि आपला गोव्याचा गायक रेमो फर्नांडिस, त्याच्या सुरुवातीच्या कॅसेटी कोणाकडे असतील तर त्यांनी नीट वाचा, कारण आपल्याकडच्या पावसात टेपला एकदा बुरशी लागली की ती दरवर्षी वाढतच जाते.

माझ्याकडे तीन होत्या, १९८४ ची 'गोअन क्रेझी', १९८५ ची 'ओल्ड गोअन गोल्ड' आणि १९८६ ची 'पॅक दॅट स्मॅक'. तिन्ही दादाच्या. आमच्या घरात बाबांचं नाट्यसंगीत चालायचं, सकाळी मास्टर दीनानाथांचं पद लागलं की दिवस सुरू, त्यात दादाने ही इंग्रजी कॅसेट आणून लावली तेव्हा बाबा आधी काहीच बोलले नाहीत, मग तिसऱ्या की चौथ्या दिवशी जेवताना विचारलं, हा आपल्या गोव्यातल्या शिवोली गावचाच ना रे? तेव्हापासून घरात रेमो वाजायला लागला तो कायमचाच. दादा आता नाही, म्हणून त्या कॅसेटी माझ्यासाठी काय आहेत ते वेगळं सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वी एका दुकानात 'गोअन क्रेझी' दिली होती डिजिटल करायला. कुठलं ते सांगत नाही. परत मिळालं ते ऐकून रडायलाच आलं, सगळा आवाज पाण्याखालून आल्यासारखा, शब्दांमधले स आणि श गायब, आणि गाणं हळू झालं की मागचा आवाज आत-बाहेर होतोय. त्यांनी कॉम्प्युटरवर नॉइज काढायचं सॉफ्टवेअर फुल्ल लावलं होतं आणि वर मलाच सांगत होते की बघा किती क्लीन झालंय. परत नेलं तर म्हणे कॅसेटच खराब आहे.

मग ह्या काकांबद्दल कळलं. म्हापशात घरीच काम करतात, पाटी वगैरे काही नाही, आधी रेडिओ-टेप रिपेअर करायचे. मी तिन्ही कॅसेटी टेबलावर ठेवल्या, त्यांनी एकही लगेच डेकमध्ये, म्हणजे कॅसेट वाजवायच्या मशीनमध्ये, टाकली नाही. आधी खिडकीजवळ उजेडात धरून टेपची कड बघितली. 'ओल्ड गोअन गोल्ड'वर पांढरे ठिपके होते, ती लगेच बाजूला ठेवली, म्हणाले ही आत गेली तर हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग, घाण होणार आणि पुढची कॅसेटही बिघडणार. 'गोअन क्रेझी' उलटी करून मला दाखवलं, मधोमध जो छोटा फेल्टचा तुकडा असतो ना, पितळी पट्टीवर चिकटवलेला, तो पडलेला होता, गोंद सुकून गेलेला. तो तुकडा टेपला हेडवर दाबून धरतो, तो नसला की आवाज येतो पण दबका येतो. आधीच्या दुकानात हे कोणी बघितलंसुद्धा नव्हतं! शेलला, म्हणजे कॅसेटच्या बाहेरच्या प्लॅस्टिकच्या खोक्याला, स्क्रू नव्हते, चिकटवलेलं होतं, काकांनी ब्लेडने इतक्या सावकाश उघडलं की लेबलला ओरखडासुद्धा नाही, आणि टेपची दोन्ही चाकं उचलून स्क्रूवाल्या नवीन शेलमध्ये बसवली. जुनं शेल, कागद, डबी सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मला परत दिलं.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडला. डेकच्या हेडला बाजूला एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की हेडचा कोन बदलतो. कॅसेट ज्या मशीनवर भरली त्याच्या कोनाशी तुमच्या मशीनचा कोन जुळला नाही तर वरचे सूर खातो. काकांनी आवाज मोनो केला, म्हणजे डावा-उजवा एकत्र, हेडफोन मला दिला आणि स्क्रू केसाएवढा फिरवत राहिले, मी ऐकतोय, ऐकतोय, आणि एकदम पडदा बाजूला केल्यासारखा आवाज उघडला, गिटारच्या तारेवर बोट घासलेलं ऐकू आलं. इतकी वर्षं ते ऐकलंच नव्हतं मी.

हिस्स, म्हणजे टेपमागे सतत येणारा तो स्स्स आवाज, काढू का म्हणून त्यांनी स्वतःहून विचारलं आणि स्वतःच सांगितलं की ह्या कॅसेटचा काढू नये. आता हे जरा नीट सांगतो. 'गोअन क्रेझी' रेमोने घरी चार ट्रॅकच्या मशीनवर केलेली, म्हणजे एका टेपवर चार आवाज वेगवेगळे भरता येतात असं मशीन. मुंबईतल्या कंपन्यांना तेव्हा भारतातल्या माणसाने स्वतः लिहिलेली इंग्रजी गाणी नको होती, म्हणून ह्याने सगळी वाद्यं स्वतः वाजवली, सगळे आवाज स्वतः दिले, मिक्सिंग, कव्हर पण स्वतः, आणि पिवळ्या स्कूटरवरून गोव्यातल्या दुकानांना कॅसेटी स्वतः पोचवल्या. चारच ट्रॅक म्हटल्यावर तीन भरले की ते मिळून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन परत मोकळे करायचे, ही त्या मशीनवर काम करायची रीतच, आणि प्रत्येक उतरवणीला हिस्स थोडा वाढतो. म्हणजे तो हिस्स खराबी नाहीच, एका माणसाने एकावर एक स्वतःला रचत नेलं त्याचा तो आवाज आहे, आणि तो पुसायला गेलं की सोबत मागचे बारीक आवाजही पुसले जातात. मला दोन वर्षं जे खटकत होतं ते काकांनी दोन मिनिटांत सांगितलं.

आणि हा काही बँड न मिळालेला माणूस नव्हता. शाळेत असताना पणजीत द बीट फोर, मुंबईत जे. जे. ला आर्किटेक्चर शिकताना द सॅव्हेजेस, मग युरोप फिरताना पॅरिसमध्ये रॉक सिनर्जी, आणि पुढे नव्वदच्या दशकात स्वतःचा द मायक्रोवेव्ह पापडम्स. एवढे बँड केलेला माणूस शिवोलीला परत येऊन एकटा मशीनसमोर बसला, आणि माझ्या मते त्याचं सगळ्यात खरं काम त्याच काळातलं आहे. 'जलवा' सिनेमा आला, 'बॉम्बे' सिनेमातलं हम्मा हम्मा सगळ्या देशाने ऐकलं, २००७ ला पद्मश्री मिळाली, सगळ्याचा आनंदच आहे, पण ह्या पहिल्या दोन कॅसेटींमध्ये जो शेजारच्या घरातून येतोय असा आवाज आहे तो पुढे मोठ्या स्टुडिओत मला कधी सापडला नाही. 'ओल्ड गोअन गोल्ड'मध्ये तर जुनी पारंपरिक गाणी आहेत, ती ऐकताना बाबा टेबलावर बोटाने ठेका धरायचे, नाट्यसंगीतवाला माणूस!

आता कामाचं. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागतात आणि काका ती पूर्ण बसून ऐकतात, त्यामुळे घाई करू नका. माझ्या तीन कॅसेटींना बारा दिवस लागले, बुरशीवालीला त्यातले पाच. साध्या कॅसेटचे ३०० रुपये आणि बुरशीवालीचे ५०० घेतले, पैसे काम झाल्यावर. पेनड्राइव्हवर २४ बिटची वेव्ह, म्हणजे आवाज न दाबलेली मोठी फाइल आणि मोबाइलसाठी एमपीथ्री दोन्ही देतात. गाणी वेगवेगळी करून देत नाहीत, एक बाजू म्हणजे एक फाइल, हे मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं, घरी बसून कापावी लागली. फोन पण पटकन उचलत नाहीत, दुपारी एक ते चार तर नाहीच. आणि एक कॉपी मित्राला करून द्याल का विचारलं तर सरळ नाही म्हणाले, तुझी कॅसेट तुझ्यापुरती, त्या पोराने स्कूटरवरून फिरून विकली होती. पटलं मला.

पाऊस संपल्यावर द्यायच्या असं ठेवू नका, आत्ताच द्या. नेताना कॅसेट गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हात डिकी तापते. मी दादाची आणखी चार शोधून काढलीत, एकीवर त्याच्या अक्षरात नुसतं 'रेमो, लाइव्ह' लिहिलंय, आत काय आहे माहीत नाही, सोमवारी घेऊन जातोय.