ग्रेप, फाइंड, कॅट यांच्या जागी नवी साधने: काही महिन्यांच्या वापरानंतर

फोंड्यात आम्ही काही जण गावागावांतल्या उत्सवी नाटकांच्या जुन्या मराठी संहिता टंकून साठवतो. सगळ्या साध्या मजकुराच्या फायली, गिटमध्ये (फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) ठेवलेल्या. त्यांत रोज शोधाशोध करायची असते. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, मजकूर शोधायला ग्रेप, फाइल शोधायला फाइंड आणि फाइल दाखवायला कॅट या जुन्या आज्ञा असतात. गेले काही महिने त्यांच्या जागी रिपग्रेप, एफडी आणि बॅट, आणि जोडीला एफझेडएफ आणि झॉक्साइड वापरतो आहे. या साधनांच्या वेगाचे कौतुक सगळीकडे होते. माझ्यासाठी देवनागरी मजकूर नीट शोधता येणे जास्त मोलाचे ठरले.

रिपग्रेप 2016 मध्ये आले. अँड्र्यू गॅलंट यांनी ते रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिले. आमच्या कामात त्याचा पहिला गुण असा की मशीनचे लोकेल (भाषा आणि लिपीची मांडणी) काय आहे याची त्याला फिकीर नसते. जुन्या सर्व्हरवर लोकेल ‘सी’ असले की ग्रेप देवनागरी अक्षरांकडे सुट्या बाइट म्हणून पाहतो, आणि चौकटी कंसातला पर्याय (कंसातल्यांपैकी कुठलेही एक अक्षर) तिथे फसतो. आम्हाला तर ‘म्हापसा’, ‘म्हापसें’, ‘म्हापशात’ हे सगळे एका झटक्यात हवे असतात. ‘म्हाप[सश]’ एवढे लिहिले की रिपग्रेप ते कुठल्याही मशीनवर आणून देते. अंकांसाठीचे ‘\डी’ हे चिन्हही (मूळ रोमन अक्षरातले) देवनागरी अंक ओळखते, त्यामुळे चार अंकांचा नमुना दिला की 1961 आणि १९६१ दोन्ही सापडतात. संहितेच्या मुखपृष्ठावर साल कुठल्या अंकांत छापले आहे हे आधी बघत बसावे लागत नाही.

पण ‘दऱ्या’, ‘साऱ्या’, ‘तऱ्हा’ हे शब्द शोधताना जपून. हा अर्धा र काही जण ‘ऱ’ वापरून टंकतात, तर काही जण साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारा जोडक देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत मात्र वेगळे असतात, आणि रिपग्रेप त्यांना एक मानत नाही. दोन्ही रूपे कंसात, मध्ये उभी रेघ देऊन लिहावी लागतात. मराठीत हे शब्द पदोपदी येतात. म्हणून टंकणाऱ्यांनी एकच पद्धत ठरवून घ्यावी असा माझा आग्रह आहे. शोधसाधन बदलून हा प्रश्न सुटत नाही.

दुसरी सावधगिरी. रिपग्रेप गिटइग्नोर (गिटने दुर्लक्ष करायच्या फायलींची यादी) पाळते आणि लपलेल्या व बायनरी (साधा मजकूर नसलेल्या) फायली वगळते. स्कॅनमधून निघालेला कच्चा मजकूर आम्ही गिटइग्नोरमध्ये टाकला आहे, म्हणून नेहमीच्या शोधात तो येत नाही, आणि तसे कुठे सांगितलेही जात नाही. आज्ञेला पर्याय म्हणून एक ‘यू’ दिला की गिटइग्नोर बाजूला पडते, दोन दिले की लपलेल्या फायलीही येतात, तिसऱ्याने बायनरी. ‘हा शब्द कुठेच नाही’ असे ठामपणे लिहायचे असेल तर तिन्ही ‘यू’ देऊनच शोधावे.

एफडी म्हणजे फाइंडची सोपी सोय. नावाचा तुकडा लिहा, फाइल हजर. जुना फाइंड मी सोडलेला नाही, कारण तारीख, मालकी आणि परवानग्या यांचे गुंतागुंतीचे निकष त्यालाच हाताळू द्यावेत असे मला वाटते. बॅट कॅटची जागा घेते आणि रंगीत दाखवते. आमच्या साध्या मजकुराला रंगांचा फारसा उपयोग नाही, आणि बऱ्याच टर्मिनलांत मात्रा सुटून चौकट वाकडी दिसते, म्हणून मी साध्या रूपातच, ‘-पी’ देऊन चालवतो. फायलींची यादी दाखवणाऱ्या एलएसच्या जागी ईझा आहे. त्याचे मूळ एक्झा आता सांभाळले जात नाही.

एफझेडएफबद्दल मात्र भरभरून सांगेन. टंकत जाल तशी यादी गाळून देणारे हे साधन. कंट्रोल-आर दाबून जुन्या आज्ञांची यादी उघडायची आणि आठवतील ते दोन-तीन तुकडे टंकायचे. लांबलचक शोधनमुने मी आता वहीत उतरवून ठेवत नाही. रिपग्रेपचे निकाल त्यात ओतले की डिचोली ते पेडणे कुठल्या संहितेत काय आहे ते बोटाने चाळता येते. झॉक्साइड वारंवार जाण्याच्या फोल्डरांची आठवण ठेवते. ती सवय दोन दिवसांत लागते.

स्क्रिप्टमध्ये (आपोआप चालवायच्या आज्ञांच्या फायलीत) मी ग्रेप आणि फाइंडच ठेवले आहेत. ग्रेप 1973 च्या सुमारास केन थॉम्पसन यांच्या हातून आला आणि जवळपास प्रत्येक लिनक्स मशीनवर तो हटकून सापडतो. कुणा सहकाऱ्याच्या संगणकावर स्क्रिप्ट चालवायची तर त्याने आधी नवे काही बसवावे अशी अट घालणे मला योग्य वाटत नाही. उबंटूवर बसवणाऱ्यांसाठी एक गोष्ट: तिथे नावांची टक्कर टाळायला बॅटची आज्ञा ‘बॅटकॅट’ आणि एफडीची ‘एफडीफाइंड’ आहे. सुरुवातीलाच आज्ञांना आपली छोटी टोपणनावे जोडून घ्या.