टीआर-८०८ की टीआर-९०९?

घरी ट्रॅक बनवणाऱ्या मित्राने विचारलं, रोलँड कंपनीच्या या दोन जुन्या ड्रम मशीनपैकी (ड्रमचे ठोके वाजवणारी यंत्रं) कुठलं घेऊ?

आधी आवाज. १९८० चं ८०८ पूर्ण अ‍ॅनालॉग: आत कुठलंही रेकॉर्डिंग नाही, सगळे ठोके सर्किटमध्येच तयार होतात. डिके, म्हणजे ठोका रेंगाळण्याचा वेळ, वाढवला की बेस ड्रम गुंजत हळूहळू विरत जातो. डग्ग्याचा घुमारा आवडणाऱ्याला तो लगेच भिडेल. झांज मात्र खऱ्या झांजेसारखी वाजत नाही. सहा ऑसिलेटरांची (कंपनं तयार करणाऱ्या सर्किटांची) ती चरचर मला तरी फार प्रिय आहे. १९८३ च्या ९०९ मध्ये बेस ड्रम आणि स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) अ‍ॅनालॉग, पण झांजा आणि हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) ६ बिटचे सॅम्पल, म्हणजे कमी बारकाव्याची डिजिटल रेकॉर्डिंग. ठोका आखूड, टणक. बेस ड्रमचा सूर नॉबने बदलता येतो; ८०८ मध्ये ती सोय नाही.

मिडी, म्हणजे वाद्यं आणि संगणक एकमेकांना जोडायची सोय, ९०९ लाच आहे. ८०८ संगणकाशी जुळवायला वेगळा कन्व्हर्टर लागतो. लयीला हेलकावा देणारा शफलही ९०९ मध्येच.

नॉब कुठे ठेवले होते हे दोन्ही लक्षात ठेवत नाहीत, कागदावर टिपून ठेवावं लागतं. दोन्ही आता सेकंडहँडच मिळतात, आणि महाग.

हिप-हॉपचा खोल बेस हवा असेल तर ८०८ घे. हाउस-टेक्नो करणार असशील, किंवा इतर यंत्रांसोबत स्टेजवर वाजवणार असशील, तर ९०९.